ईम्स दांपत्याचे लघुपट : एक संशोधन-साधन

इतिहासाचें साधन म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें रुमालांत बांधलेलें दप्तर, ताम्रपट, शिलालेख, नाणें, किंवा फार तर एखादें जुनें चित्र उभें राहतें. गेल्या शतकांत मात्र साधनांची एक नवी जात निर्माण झाली. ती म्हणजे चित्रपट. चित्रपटांत अस्सल काय व रचलेलें काय, त्याचा कर्ता कोण व करविता कोण, एकाच कृतीच्या दोन प्रती निघाल्या तर प्रमाण कोणती मानावयाची, हे प्रश्न मोडी कागदाच्या बाबतींत जितके महत्त्वाचे तितकेच येथेंहि आहेत. अमेरिकेंतील चार्ल्स व रे ईम्स ह्या पतिपत्नींनीं १९५० पासून १९७८ पर्यंत शंभरांहून अधिक लघुपट तयार केले. त्यांचा विषय बहुतेक ठिकाणीं वस्तु हाच आहे. खेळणीं, भोवरे, वस्त्रें, घर. त्यांपैकीं एकाचा तर भारतीय वस्त्रकलेशीं साक्षात् संबंध आहे. म्हणून वरील प्रश्न मनांत धरून ह्या लघुपटांची पारख प्रस्तुत लेखांत करावयाची आहे.

(१) कर्त्यांची माहिती. चार्ल्स ईम्स ह्यांचा जन्म ता. १७ जून १९०७ रोजीं मिसूरी राज्यांतील सेंट लुई शहरीं झाला, शिक्षण वास्तुशिल्पाचें. श्रीमती रे ह्यांचें माहेरचें आडनांव कायझर, जन्म ता. १५ डिसेंबर १९१२, कॅलिफोर्नियांतील सॅक्रामेंटो येथें. त्यांनीं न्यू यॉर्क येथें हान्स हॉफमन ह्या चित्रकारापाशीं चित्रकलेचा अभ्यास केला होता. मिशिगन राज्यांतील क्रॅनब्रुक कलाशाळेंत उभयतांची गांठ पडली, व जून १९४१ मध्यें त्यांचा विवाह झाला. लगेच लॉस एंजेलिस येथें बिऱ्हाड केल्यावर चार्ल्स ह्यांनीं कांहीं काळ मेट्रो-गोल्डविन-मेयर ह्या चित्रपट कंपनीच्या देखावे तयार करणाऱ्या खात्यांत काम केलें. लाकडाचे पातळ थर एकावर एक चिकटवून ते उष्णतेनें व दाबानें वांकविण्याची युक्ति उभयतांनीं साधली. तिचा उपयोग प्रथम युद्धांत जखमी झालेल्यांच्या पायांस बांधावयाच्या फळ्यांकडे व पुढें खुर्च्यांकडे झाला. खुर्च्यांमुळें त्यांची कीर्ति सर्वत्र पसरली. परंतु वस्तूकडे कसें पाहावें ह्याविषयींचा त्यांचा विचार लघुपटांत अधिक स्पष्टपणें सांपडतो.

(२) चित्रें घेण्याची रीत. चित्रपटांत सेकंदास चोवीस चित्रें पडद्यावरून सरकतात व त्यामुळें हालचालीचा भास होतो, हें सर्वांस ठाऊक आहे. ईम्स दांपत्यानें मात्र पुष्कळ ठिकाणीं हालचाल न टिपतां स्थिर छायाचित्रेंच एकामागून एक मांडलीं. ‘घर : पांच वर्षांच्या निवासानंतर’ ह्या १९५५ च्या लघुपटांत लॉस एंजेलिसजवळील त्यांचें स्वतःचें घर दिसतें. हें घर १९४९ मध्यें बांधून झालें. संबंध लघुपट स्थिर छायाचित्रांचा आहे. निवेदन नाहीं, केवळ एल्मर बर्नस्टाइन ह्यांचें संगीत आहे. कांचेवर पडलेली झाडाची सावली, मेजावरील पानें-फुलें, फडताळांतील खेळणीं, हीं सर्व क्रमानें येतात. घर अद्याप उभें आहे व २००६ मध्यें तें राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तु म्हणून नोंदलें गेलें; तथापि त्या घरांत राहणाऱ्यांनीं तें पांच वर्षांत कसें वापरलें हें भिंती सांगणार नाहींत. तें सांगणारा पुरावा हा लघुपटच होय.

१९५७ च्या ‘खेळण्यांतील आगगाड्यांचा तोकाता’ ह्या लघुपटांत जुन्या खेळण्यांतील इंजिनें व डबे ह्यांच्या उंचीवर भिंग ठेवून चित्रें घेतलीं आहेत. त्यामुळें पत्र्याची वीतभर गाडी खऱ्या स्थानकांत शिरावी तशी शिरते. आरंभींच्या निवेदनांत चार्ल्स ह्यांनीं आपला पक्ष मांडला आहे. तो असा कीं, खऱ्या वस्तूची हुबेहूब लहान नक्कल ही एक गोष्ट व खेळणें ही दुसरी. चांगल्या जुन्या खेळण्यांत पत्रा हा पत्रा म्हणून व लांकूड हें लांकूड म्हणून बिनसंकोच वापरलेलें असतें. १९६९ च्या ‘भोवरे’ ह्या सुमारें सात मिनिटांच्या लघुपटांत तर शब्दच नाहींत. निरनिराळ्या देशांचे भोवरे हातांत घेतले जातात, त्यांस जाळी गुंडाळली जाते, ते फिरतात, डुलूं लागतात व अखेर कलंडतात. वस्तुसंग्रहालयांतील कपाटांत ठेविलेला भोवरा म्हणजे केवळ लांकडाचा तुकडा. तो फिरतो तेव्हांच भोवरा होतो. वस्तु उपयोगांत असतां तिची नोंद घ्यावी, हें तत्त्व यापेक्षां थोडक्यांत सांगतां येणार नाहीं.

(३) भारतीय वस्त्रांचा लघुपट. १९५५ सालीं न्यू यॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयांत भारतांतील वस्त्रें व अलंकारकला ह्यांचें मोठें प्रदर्शन भरलें होतें. त्याची मांडणी अलेक्झांडर जिरार्ड ह्यांनीं एका काल्पनिक बाजारासारखी केली होती. सोनेरी खांब, मध्यें पाण्याचें टांकें, व वरून लोंबणारीं वस्त्रें. निरनिराळ्या संग्रहांतून आणलेल्या वस्तु प्रदर्शन संपतांच आपआपल्या धन्यांकडे परत गेल्या व तो बाजार उठला. त्या प्रदर्शनाचा लघुपट ईम्स दांपत्यानें केला. त्यांत श्रीमती पुपुल जयकर व एडगर कॉफमन ह्यांचें निवेदन असून संगीत उस्ताद अली अकबर खाँ ह्यांचें आहे.

ह्याच प्रदर्शनासंबंधीं एक ग्रंथहि १९५६ मध्यें संग्रहालयानें प्रसिद्ध केला. त्यांत श्रीमती जयकर व जॉन अर्विन ह्यांचे लेख आहेत. म्हणजे एकाच घटनेचीं दोन साधनें आपल्या हातीं आहेत, व त्यांची तुलना बोधप्रद आहे. वस्त्र कोठचें, कोणत्या काळाचें, कोणाच्या संग्रहांतील, हें विचारावयाचें तर ग्रंथाकडेच गेलें पाहिजे. लघुपट त्याविषयीं जवळजवळ मौन पाळतो. उलट, मलमल किती झिरझिरीत आहे, जरीवर उजेड पडला असतां ती कशी चमकते, हें ग्रंथाच्या पानावर कळत नाहीं. तें लघुपटांत दिसतें. मात्र लघुपटांतील चौकट पाहून वस्त्राची लांबीरुंदी ठरवूं गेल्यास हमखास फसगत होईल. कारण भिंग जवळ नेलें कीं तळहाताएवढी बुट्टी भिंतीएवढी होते. तात्पर्य, एकास प्रमाण मानून दुसऱ्यास टाकून देणें योग्य नव्हे. दोन्ही शेजारीं ठेवूनच वाचावींत.

ह्या प्रदर्शनाच्या निमित्तानें श्रीमती जयकर व चार्ल्स ईम्स ह्यांचा परिचय झाला. पुढें भारत सरकारच्या निमंत्रणावरून उभयतां भारतांत आलीं, अनेक ठिकाणीं फिरलीं, व १९५८ मध्यें त्यांनीं आपला ‘भारत-अहवाल’ सादर केला. त्यांतूनच १९६१ मध्यें अहमदाबाद येथें राष्ट्रीय अभिकल्प संस्था निघाली. अहवालांत आपल्या साध्या लोट्याचें विवेचन आहे; त्यांत पाणी किती मावतें, तो डोक्यावर किंवा कमरेवर कसा राहतो, हाताला कसा लागतो, ओततांना धार कशी पडते, असे प्रश्न एकामागून एक विचारले आहेत. भोवऱ्यांच्या लघुपटांतील दृष्टि ती हीच.

(४) खर्डा व शुद्ध प्रत. हस्तलिखितांच्या संग्राहकांस विशेष रुचेल असा भाग पुढें आहे. ईम्स दांपत्याचा सर्वांत प्रसिद्ध लघुपट म्हणजे ‘दहाचे घात’ हा होय. त्याचे दोन पाठ आहेत. एक १९६८ चा व दुसरा १९७७ चा. दोहोंचा मूळ आधार केस बुके ह्या डच शिक्षकाचें १९५७ मध्यें इंग्रजींत निघालेलें पुस्तक. विषय एकच : मीटरभर चौरस दृश्यापासून आरंभ करून दर दहा सेकंदांस दसपट दूर जावयाचें, तें आकाशगंगेच्याहि पलीकडे, मग परत फिरून मनुष्याच्या कातडींतून थेट अणूच्या गर्भांत शिरावयाचें.

१९६८ च्या पाठानें आपणांस नांवांतच कच्चा खर्डा म्हणवून घेतलें आहे. त्यांतील प्रवास मायामी येथील मैदानांत निजलेल्या मनुष्यापासून सुरू होतो व निवेदन ज्युडिथ ब्रोनोव्हस्की ह्यांचें आहे. १९७७ चा पाठ शिकागो येथें सरोवरांकांठीं वनभोजनास आलेल्या जोडप्यापासून सुरू होतो व निवेदन पदार्थशास्त्रज्ञ फिलिप मॉरिसन ह्यांचें आहे. नव्या पाठांत प्रवास अणुगर्भांतील एका कणाच्याहि आंत, म्हणजे मीटरमध्यें दहाच्या उणे सोळाव्या घातापर्यंत नेला आहे. शुद्ध प्रत ती हीच, व १९९८ मध्यें अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-नोंदवहींत तिचीच नोंद झाली. परंतु खर्ड्यांत असें कांहीं आहे कीं जें शुद्ध प्रतींत गळलें. जुन्या पाठांत दृश्याच्या बाजूस घड्याळें दाखविलीं आहेत. इतक्या वेगानें जाणाऱ्या प्रवाशाचा काळ व पृथ्वीवरील काळ ह्यांत किती अंतर पडेल हें तीं दाखवितात. नव्या पाठांतून हा भाग काढून टाकल्यामुळें दृश्य मोकळें झालें, पण एक विचार मात्र नाहींसा झाला. दप्तरांत मूळ पत्र मिळालें म्हणून खर्डा फेंकून देणाऱ्यास आपण काय म्हणतों तें सांगावयास नको. येथें दोन्ही पाठ जपून ठेविले गेले, म्हणूनच कर्त्यांचा विचार कोठून कोठें गेला हें आज आपणांस दाखवितां येतें.

(५) कर्तृत्वाचा प्रश्न. मराठेशाहींतील एखाद्या पत्रावर शिक्का एकाचा, हस्ताक्षर दुसऱ्याचें व मसलत तिसऱ्याची असते. केवळ मोर्तब पाहून लेखक ठरविणारा फसतो. ईम्स दांपत्याच्या बाबतींत ही फसगत प्रत्यक्ष झाली. १९४६ मध्यें न्यू यॉर्कच्या वर उल्लेखिलेल्या संग्रहालयांत त्यांच्या खुर्च्या मांडल्या, तेव्हां प्रदर्शनाच्या नांवांत एकट्या चार्ल्स ह्यांचा निर्देश होता. १९५६ मध्यें दूरचित्रवाणीवर उभयतांची मुलाखत झाली, तींतहि श्रीमती रे ह्यांची ओळख पतीस साहाय्य करणारी पत्नी अशीच करून देण्यांत आली. लघुपटांवर मात्र बहुधा दोघांचींहि नांवें आहेत. घराच्या लघुपटांतील ओळीनें मांडलेल्या लहानसान वस्तु, रंगांची संगति व आकारांचा तोल ह्यांत चित्रकाराची नजर उघड दिसते, आणि चित्रकलेची तालीम दोघांपैकीं श्रीमती रे ह्यांची होती. ह्यावरून सर्व श्रेय त्यांच्याकडे वळवावें असा प्रस्तुत लेखकाचा आग्रह नाहीं. संगीतकार व कार्यालयांतील अनेक सहकारी ह्यांचाहि हात ह्या कामांत आहे. एवढेंच कीं, एका नांवाखालीं अनेकांचें काम दडपून टाकणें हा इतिहासांतील दोष होय. मग तो पेशवाईंतील कारकुनाच्या बाबतींत असो कीं लॉस एंजेलिसच्या चित्रकर्त्रीच्या.

(६) करविता कोण. बखर वाचतांना ती कोणाच्या सांगण्यावरून लिहिली हें आपण प्रथम पाहतों. ह्या लघुपटांसहि ती कसोटी लाविली पाहिजे. १९५८ चा ‘माहितीचें यंत्र’ हा लघुपट आय. बी. एम. ह्या गणकयंत्रांच्या कंपनीसाठीं केला. यंत्राविषयीं त्यांत जो भरंवसा दिसतो तो करवित्याच्या पदरचाहि आहे. १९५९ मध्यें मॉस्को येथील अमेरिकन प्रदर्शनांत सात पडद्यांवर एकाच वेळीं दोन हजारांहून अधिक चित्रें दाखविलीं गेलीं. तें काम अमेरिकन सरकारचें होतें. त्यांत अमेरिकेंतील रस्ते, घरें, बाजार, सुट्टीचा दिवस हें सर्व आहे. अखेरचें चित्र एका लहान निळ्या फुलाचें असून त्या फुलाच्या रशियन व इंग्रजी दोन्ही नांवांचा अर्थ ‘मला विसरूं नको’ असा आहे. हें चित्र म्हणजे अमेरिकेनें परक्यास दाखवूं इच्छिलेला आपला चेहरा होय. असा लेख खोटा ठरवून टाकून देऊं नये. तो कोणी, कोणास, कोणत्या हेतूनें लिहिला हें जाणून वाचावा.

(७) दप्तराची व्यवस्था. चार्ल्स ईम्स ता. २१ ऑगस्ट १९७८ रोजीं वारले. त्यानंतर श्रीमती रे ह्यांनीं आपल्या आयुष्याचा मोठा भाग कार्यालयांतील छायाचित्रें, कागद व चित्रपट लावण्याकडे दिला. जॉन व मॅरिलिन न्यूहार्ट ह्यांच्यासह त्यांनीं रचलेला ग्रंथ १९८९ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत उभयतांचें काम वर्षावर्षांनीं, आपल्या शकावलीप्रमाणें, नोंदलें आहे. तो छापून आलेला मात्र त्यांस पाहावयास मिळाला नाहीं. पतीच्या मृत्यूनंतर बरोबर दहा वर्षांनीं, त्याच तारखेस, ता. २१ ऑगस्ट १९८८ रोजीं त्यांचा अंत झाला. दप्तराचा मोठा भाग वॉशिंग्टन येथील काँग्रेसच्या ग्रंथालयांत सुरक्षित आहे. ज्या व्यक्तीचें नांव एकेकाळीं पतीच्या नांवामागें झांकलें गेलें, तिनेंच हें दप्तर लाविलें. व तिच्या वांट्याचें काम दाखविणारे पुरावेहि आज त्याच दप्तरांत शोधावे लागतात.

संग्राहक वाचकांस ह्यावरून घेण्यासारखें पुष्कळ आहे. संग्रहांतील वस्तूचें चित्र घ्यावयाचें झाल्यास ती वापरांत असतांना घ्यावें; शेजारीं मापाची पट्टी, तारीख व ठिकाण ह्यांची नोंद असावी, म्हणजे वरील वस्त्रांच्या लघुपटांतील उणीव राहणार नाहीं. चित्र काढणाऱ्याचें, वस्तु मांडणाऱ्याचें व काम करविणाऱ्याचें अशीं तिन्ही नांवें वेगवेगळीं लिहावींत. नवी प्रत झाली म्हणून जुना खर्डा टाकूं नये. कपाटांत पडून राहिलेल्या फितींचे डबेहि रुमालांइतकेच जपले जावेत, इतकी विनंति करून हा लेख पुरा करितों.