कॉम्प्युटर चालू करताच पासवर्ड न विचारता उघडणार. मात्र ‘या’ घरांनी आधी विचार करावा

गावाकडे लाईटचा भरवसा नाही. दिवसात तीनदा लाईट गेली की तीनदा कॉम्प्युटर बंद आणि तीनदा पासवर्ड टाकणे आले. ज्याला पासवर्ड पाठ तो नेमका रानात असतो. घरी पोराला प्रिंट काढायची असते, आजोबांना सातबारा बघायचा असतो, मग फोनवर फोन. शेवटी पासवर्डची चिठ्ठी मॉनिटरलाच चिकटवली जाते. मग तो पासवर्ड असून नसल्यासारखाच.

विंडोज १० आणि ११ मध्ये कॉम्प्युटर आपोआप लॉगिन होण्याची सोय आहे. त्यासाठी पैसे किंवा वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही.

कीबोर्डवर विंडोजचे चिन्ह असलेले बटण दाबून ठेवा आणि आर दाबा. रनची छोटी चौकट उघडेल. त्यात इंग्रजी अक्षरे सलग टाका: एन, ई, टी, पी, एल, डब्ल्यू, आय, झेड. एंटर दाबल्यावर युजर अकाउंट्स नावाची खिडकी येते. यादीत जे खाते आपोआप उघडायचे ते निवडा, वर ‘युजर्स मस्ट एंटर...’ अशी सुरुवात असलेल्या ओळीपुढची बरोबरची खूण काढा आणि अप्लाय करा. आता पासवर्ड दोनदा विचारला जाईल.

बहुतेकांची गाडी इथेच अडते. रोज चार आकडी पिन टाकायची सवय असल्याने इथेही तोच टाकतात. पिन चालत नाही. मायक्रोसॉफ्टच्या ईमेल खात्याने लॉगिन करत असाल तर त्या खात्याचा पासवर्ड लागतो. चुकीचे टाकले तरी ही चौकट काही बोलत नाही, चूक कॉम्प्युटर पुन्हा चालू केल्यावरच कळते. पुढे कधी पासवर्ड बदलला तर हे काम पुन्हा करावे लागते.

काही कॉम्प्युटरवर ती खुणेची ओळच दिसत नाही. तेव्हा सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, त्यात साइन-इन ऑप्शन्स उघडा. तिथे ‘विंडोज हॅलो’नेच साइन-इन करू द्यावे अशा अर्थाचे एक बटण असते, ते बंद करा. आधीची खिडकी बंद करून पुन्हा उघडली की ओळ दिसू लागते.

आता धोक्याचे. कॉम्प्युटर आपोआप उघडतो म्हणजे घरात येणाऱ्या कोणासाठीही उघडतो. ब्राउझरमध्ये ईमेल चालूच असते आणि अनेक ठिकाणचा नवा पासवर्ड त्याच ईमेलवरून मिळतो. ज्या कॉम्प्युटरवर बँकेचे व्यवहार, सोसायटीचे किंवा डेअरीचे हिशेब आहेत तिथे ही सोय घेऊ नये. लॅपटॉपवर तर नकोच, तो एसटीत विसरला तर सगळे घर उघडे.

काही जण सरळ पासवर्डच काढून टाकतात. ते जास्त वाईट. आपोआप लॉगिनमध्ये पासवर्ड जागेवर राहतो, त्यामुळे क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड बघताना तो विचारला जातो. पासवर्डच काढला तर विचारायला काही उरत नाही.

यावर चांगला तोडगा आहे. सेटिंग्जमधल्या अकाउंट्समधून घरच्यांसाठी एक वेगळे साधे खाते काढा आणि आपोआप उघडण्यासाठी यादीत तेच निवडा. पोरांचा अभ्यास, प्रिंट, सातबारा त्यावर होतो. बँकेचे काम असलेले खाते त्याच कॉम्प्युटरवर पासवर्डच्या कुलपात राहते. पाच-दहा मिनिटांचे काम आहे, पण हे करणारे कमीच.

कॉम्प्युटर नुसता झोपेतून उठला तर पासवर्ड विचारतो, त्याची सेटिंग वेगळी आहे. साइन-इन ऑप्शन्समध्येच ‘इफ यू हॅव बीन अवे’ अशी ओळ असते, तिथे ‘नेव्हर’ निवडावे.

सोय नकोशी झाली तर त्याच खिडकीत काढलेली खूण परत करून अप्लाय करावे.