पस्तिशीनंतर बाळ : ठरवण्याआधी काय बघायचं?



आपल्याकडे लग्न लवकर होतं, पंचविशीपर्यंत दोन मुलं होतात आणि मग ऑपरेशन. त्यामुळे उशिरा मूल हा शहरातल्या नोकरदार बायकांचा विषय, असं आपण समजतो. पण गावातही हा प्रश्न येतो. कुणाचं लग्नच उशिरा होतं. कुणी नवरा गेल्यावर दुसरं लग्न करते आणि नव्या घराला मूल हवं असतं. कुणाचं हाताशी आलेलं मूल जातं. कुणाला दोन मुली आहेत आणि सासूबाई म्हणतात, “अजून एकदा बघ.” आणि कुणाला बेचाळिसाव्या वर्षी पाळी चुकल्यावर वाटतं की पाळी जायला आली, पण निघतात दिवस.

अशा वेळी सल्ला द्यायला सगळा गाव पुढे येतो. पोट मात्र आपलं असतं. म्हणून हो म्हणायचं असो की नाही, आधी नीट माहिती घेऊ.

वयानं शरीरात काय बदलतं?

बाई जन्माला येते तेव्हाच तिच्या अंगात बीजांचा सगळा साठा असतो. नवीन बीज पुढे तयार होत नाही. वय वाढतं तसा साठा कमी होतो आणि उरलेली बीजंही जुनी होत जातात. पंचविशी-तिशीत प्रयत्न करणाऱ्या साधारण चार जणींपैकी एकीला एका महिन्यात दिवस राहतात. चाळिशीला हेच प्रमाण दहात एकीवर येतं. पंचेचाळिशीनंतर आपोआप दिवस राहणं फार दुर्मीळ. पण पाळी पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे सलग बारा महिने पाळी न येईपर्यंत, शक्यता संपत नाही.

गर्भ पडण्याचं प्रमाणही वाढतं. चाळिशीत राहिलेल्या गर्भांपैकी तीनात एक किंवा त्याहून जास्त पहिल्या काही महिन्यांत पडतात. याचं कारण बहुतेक वेळा बीजातला दोष असतो. “जड उचललं”, “नजर लागली” म्हणून बाईला दोष देऊ नये.

बाळाला डाउन सिंड्रोम असण्याची शक्यताही वयाबरोबर वाढते. आईचं वय ३० असेल तर साधारण ९०० बाळांत एक, ३५ ला ३५० त एक, ४० ला ८५ ते १०० त एक. म्हणजे चाळिशीतसुद्धा बहुतेक बाळं या दोषाशिवाय जन्मतात, पण तपासणी टाळून चालत नाही.

आईला बीपी वाढणं, गरोदरपणातली शुगर, सिझर, बाळंतपणात जास्त रक्त जाणं, हे धोकेही वाढतात. आधीचं सिझर असेल, तर वार कुठे चिकटली आहे हे सोनोग्राफीत मुद्दाम बघायला सांगा.

आधी तीन महिने तयारी

मूल हवं असं ठरत असेल तर दिवस राहण्याची वाट न बघता आधीच दवाखान्यात जा. एवढं करून घ्या :

- हिमोग्लोबिन. गरोदरपणात ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी, ७ च्या खाली म्हणजे जिवाला धोका. आधीच कमी असेल तर गोळ्या घेऊन ते भरून काढायला वेळ मिळतो.
- बीपी, शुगर आणि थायरॉइड. बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा. काही गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत, त्या आधी बदलाव्या लागतात. मनानं बंद करू नका.
- फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी रोज. निदान एक महिना आधीपासून, तीन महिने आधी सुरू केली तर उत्तम. बाळाच्या मणक्यात दोष राहू नये म्हणून ही गोळी असते.
- तंबाखू, मिश्री बंद. नवऱ्याचीही दारू-तंबाखू बंद.

पस्तिशीच्या पुढे सहा महिने प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर डॉक्टरांकडे जा. चाळिशीच्या पुढे असाल तर सहा महिनेही थांबू नका. आणि जाताना नवऱ्याला सोबत न्या. पुरुषाच्या वीर्याची तपासणी सोपी आणि कमी खर्चाची आहे, ती सुरुवातीलाच व्हायला हवी. मूल न होण्यात पुरुषाकडचं कारण बऱ्याच जोडप्यांत सापडतं. बाईच्या दहा तपासण्या झाल्यावर मग नवऱ्याची एक, हा क्रम उलटा आहे.

ऑपरेशन झालं असेल तर?

कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन उघडून नळ्या पुन्हा जोडता येतात. यश किती मिळेल हे तुमचं वय आणि नळ्या कशा बंद केल्या होत्या यावर ठरतं. रिंग किंवा क्लिप लावली असेल तर शक्यता बरी, नळीचा मोठा भाग काढला असेल तर कमी. जुना केसपेपर असेल तर तो घेऊन वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात विचारा. जोडल्यानंतर गर्भ पिशवीऐवजी नळीतच राहण्याचा धोका असतो. म्हणून पाळी चुकली की लगेच तपासणी आणि लवकर सोनोग्राफी. पोटात एका बाजूला तीव्र दुखणं, चक्कर, रक्त जाणं असं झालं तर तातडीनं मोठा दवाखाना गाठा.

टेस्ट ट्यूब बेबी आणि कर्ज

यावर जरा थांबून बोलू, कारण यासाठी दागिने मोडतात, शेत गहाण पडतं, गटाचं आणि फायनान्सचं कर्ज एकाच वेळी घेतलं जातं. एका प्रयत्नाला खासगी दवाखान्यात साधारण दीड-दोन लाख किंवा जास्तही लागतात आणि मूल होईलच असं नाही. चाळिशीनंतर स्वतःच्या बीजावर एका प्रयत्नात मूल हाती येण्याची शक्यता दहात एक-दोन एवढीच, आणि पंचेचाळिशीच्या पुढे जवळपास नाहीच. २०२१ च्या कायद्यानुसार हे उपचार बाईला ५० आणि पुरुषाला ५५ वर्षांपर्यंतच देता येतात, आणि दवाखाना नोंदणीकृत असावा लागतो. “शंभर टक्के खात्री” असा बोर्ड दिसला तर पाऊल मागे घ्या. जायचंच असेल तर आधी विचारा : माझ्या वयाच्या किती जणींना इथे मूल झालं? औषधं धरून एकूण खर्च किती? किती प्रयत्नांनंतर थांबायचं? शेवटचं उत्तर घरात आधीच ठरवा.

मुलगा हवा म्हणून?

मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या बीजावर ठरतं, बाईच्या हातात नसतं. पोटातल्या बाळाचं लिंग तपासणं १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे. आणखी एक हिशेब : ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषदेची निवडणूक लढवायची असेल, तर १२ सप्टेंबर २००१ नंतर झालेल्या तिसऱ्या मुलामुळे उमेदवारी बाद होते. आपल्या गटांतून कितीतरी जणी सदस्य, सरपंच होतात. तिसऱ्या वेळचा विचार करताना हेही डोळ्यासमोर ठेवा.

दिवस राहिले, आता काय?

पाळी चुकली तर आशाताईकडून तपासणीची पट्टी मोफत मिळते.

*मूल हवं असेल तर* पहिल्या बारा आठवड्यांतच नोंदणी करा. ११ ते १४ आठवड्यांत आणि १८ ते २० आठवड्यांत बाळातल्या दोषासाठी सोनोग्राफी होते, ती चुकवू नका. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टर मोफत तपासतात. वय ३५ च्या पुढे आहे हे स्वतःहून सांगा, म्हणजे जोखमीच्या माता म्हणून नोंद होईल. बाळंतपण घरी नको, उपकेंद्रातही नको. सिझर आणि रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयातच करा. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त मोफत असतं आणि गाडीसाठी १०२ वर फोन करता येतो.

*मूल नको असेल तर* कायदा तुमच्या बाजूनं आहे. कायद्यानं ठरवलेल्या कारणांसाठी २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतानं गर्भपात करता येतो. काही ठरावीक परिस्थितीत, जसं की गरोदरपणातच नवरा वारला किंवा घटस्फोट झाला, दोन डॉक्टरांच्या मतानं २४ आठवड्यांपर्यंत. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. मेडिकलमधून गोळ्या आणून घरी घेऊ नका. त्यानंतर तांबी किंवा निरोध वापरता येतो, आणि नवऱ्याची बिनटाक्याची नसबंदी बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी आहे.

घरात बसून बोलायचे प्रश्न

कर्ज मागायला आलेल्या बाईला आपण विचारतो : कशासाठी, किती, फेड कशी? इथेही तसंच विचारू.

१. हे मूल मला हवंय, की कुणाच्या तोंडाला बंद घालायला हवंय?
२. चाळिशीत बाळ झालं तर ते अठरा वर्षांचं होताना मी ५८ ची, नवरा कदाचित ६५ चा. तेव्हा कमाई कशाची?
३. रात्रीचं जागरण, दवाखाना, शाळा यात नवरा काय करणार? “सासूबाई बघतील” असं असेल तर त्यांचं वय किती?
४. मोठी मुलगी शाळा सोडून बाळ सांभाळायला बसणार नाही ना?
५. बाळात दोष निघाला किंवा दिवस राहिलेच नाहीत, तर आम्ही दोघं एकमेकांना कसं सांभाळू?

मूल वाढवायची ओढ असेल तर दत्तक हीही वाट आहे. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी नवरा-बायकोच्या वयाची बेरीज ८५ पर्यंत चालते, मोठ्या मुलासाठी त्याहून जास्त. जिल्हा बाल संरक्षण कक्षात माहिती मिळते. दवाखान्याबाहेर किंवा ओळखीतून बाळ ‘घेणं’ हा गुन्हा आहे.

पुढच्या बैठकीत हे पान मोठ्यानं वाचा, आणि आशाताईंना बोलवा. ज्या मैत्रिणीसमोर हा प्रश्न आहे तिचं नाव सगळ्यांपुढे घेऊ नका. ती आपण होऊन बोलली तर ऐका, आणि दवाखान्यात तिला सोबत लागली तर एकीनं तिच्याबरोबर जा.