भाडेकरूचीही पत पाहावी

उधारीवर माल देण्यापूर्वी व्यापारी समोरच्याची पत पाहतो. मागील येणे वेळेवर आले काय, बाजारात त्याच्या शब्दाला किंमत आहे काय, याची चौकशी झाल्याशिवाय खात्यावर नाव चढत नाही. तोच व्यापारी दुकानावरच्या दोन खोल्या भाड्याने देताना मात्र पुष्कळदा दोनच प्रश्न विचारतो : ‘आपल्यापैकीच ना? कांदा-लसूण खात नाहीत ना?’ उत्तरे मनासारखी आली की किल्ली हाती दिली जाते.

आहारशुद्धीचा आग्रह श्रद्धेतून येतो. परंतु भाडे वेळेवर येईल की नाही, हे आहारावरून कळत नाही आणि आडनावावरून तर मुळीच नाही. अनेक घरांत भाड्याचे उत्पन्न हाच वृद्ध आईवडिलांचा आधार असतो. तो एका शिफारशीवर सोपवणे योग्य नव्हे. साधर्मिकाविषयी वात्सल्य असावे. पण त्यासाठी चौकशी टाळण्याचे कारण नाही.

सावध करणारी लक्षणे बहुधा पहिल्या भेटीतच दिसतात. घर नीट न पाहता ‘आजच किल्ली द्या’ अशी घाई. मागील घरमालकाचा दूरध्वनी क्रमांक देण्यास टाळाटाळ. नोकरी किंवा व्यवसायाबाबत दर वेळी बदलणारी माहिती. करार एकाच्या नावे आणि राहणार दुसरेच. सहा महिन्यांचे भाडे रोख देण्याची तयारी, पण करार नोंदवण्यास नकार. यांपैकी शेवटचे लक्षण सर्वांत गंभीर मानावे.

दूरध्वनीवरूनच व्यवहार ठरवून ‘अनामत पाठवतो, हा कोड स्कॅन करा’ असे कोणी म्हटले, तर तेथेच थांबावे. यूपीआयवर पैसे स्वीकारण्यासाठी पिन लागत नाही. तो पैसे देतानाच लागतो.

तथापि एकाच लक्षणावरून निवाडा करू नये. प्रथमच गाव सोडून आलेल्या विद्यार्थ्याला मागील घरमालक कोठून असणार? अनेकांताची शिकवण येथेही उपयोगी पडते. भाडेकरूचे म्हणणे, पूर्वीच्या घरमालकाचा अनुभव आणि कामाच्या ठिकाणची माहिती या तिन्ही बाजू जुळतात काय, हे पाहावे. आधार कार्डावरील क्यूआर कोड अधिकृत ॲपने तपासता येतो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल, तर वाद झाल्यास अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. शिवाय घरमालकास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. उलट, राहण्यासाठी दिलेल्या घराचा लिव्ह अँड लायसन्स करार रीतसर असेल, तर मुदत संपल्यावरही घर न सोडणाऱ्याकडून कलम 24 प्रमाणे दुप्पट दराने भरपाई मागता येते. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देण्याचा आदेश लागू असेल, तेथे तीही विनाविलंब द्यावी.

पत पाहणाऱ्याने स्वतःची पतही राखली पाहिजे. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया आणि न्यासापहार यांची गणना आहे. कर वाचवण्यासाठी करारात कमी भाडे दाखवणे हा खोटा लेखच होय. आणि घर सोडणाऱ्याची अनामत क्षुल्लक सबबीवर अडवणे म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव बळकावणेच होय. असा घरमालक प्रामाणिक भाडेकरूला दूर लोटतो आणि कागद टाळणाऱ्यालाच जवळ करतो.

दुकानात जो नियम, तोच घराच्या उंबरठ्यावरही असावा : गोड बोलून स्वागत करावे, पूर्ण चौकशी करावी, व्यवहार कागदावर आणावा आणि मगच किल्ली द्यावी.