भात सोडला, तरी पोट का सुटलं?

शनिवार-रविवारी नागझिऱ्याच्या जंगल सफारीला येणारी नोकरदार मंडळी जेवायला बसली की पहिलं वाक्य ठरलेलं: "भात नको, वजन वाढतं." तेही गोंदियात, धानाच्या जिल्ह्यात! भाताचं पातेलं तसंच पुढे सरकतं आणि नकाराचा हात चौथ्या पोळीकडे, मग गुलाबजामकडे वळतो.

आता आकडे बघा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017च्या तक्त्यांनुसार 100 ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे 356 किलोकॅलरी, तेवढ्याच कणकेत सुमारे 320. कणकेत तंतू आणि प्रथिनं जास्त, हे खरं. पांढऱ्या भाताने रक्तातली साखर भराभर चढते, हेही खरं. मधुमेहींनी भाताचं माप डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. पण चार तुपाळ पोळ्या खाऊन भाताचे दोन घास टाळले, तर वाचलं काय?

रोवणीत दिवसभर चिखलात वाकून पऱ्हे लावणाऱ्या बाया दोन्ही वेळा भातच खातात. खाल्लेलं बांधीतच खर्ची पडतं. तुमचा आठवडा खुर्चीत जातो आणि सुट्टी जिप्सीत!

राष्ट्रीय पोषण संस्थेचीच 2024ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात: दिवसाच्या एकूण ऊर्जेत धान्यांचा वाटा 45 टक्क्यांच्या आत ठेवा. धान्यांचा, नुसत्या भाताचा नव्हे. त्यात गहू आला, ज्वारी-बाजरीही आली. म्हणजे भाताची जागा पोळीला द्यायची नाही, डाळ-भाजीला द्यायची. आणि चालायचं. जंगलात पायी फिरायला मनाई आहे, घराजवळच्या रस्त्यावर नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात:

गूळ-मध कितीही चालतो: शरीराच्या लेखी तीही साखरच.

सैंधवाने रक्तदाब वाढत नाही: तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच, वर आयोडीनला मुकाल.

ग्लुटेन सगळ्यांनाच घातक: सिलिअ‍ॅक आजार किंवा गव्हाचा त्रास नसेल, तर पोळी खुशाल खा.

डिटॉक्स पाण्याने शरीर धुऊन निघतं: ते काम यकृत आणि मूत्रपिंडं फुकटात करतात.

शेवटचा गैरसमज: खाण्याची काळजी कितीही केली तरी चांगलीच. 'चोख' खाण्याच्या ध्यासाला अमेरिकी डॉक्टर स्टीव्हन ब्रॅटमन यांनी 1997मध्ये 'ऑर्थोरेक्सिया' हे नाव दिलं. मानसोपचाराच्या अधिकृत यादीत तो अजून स्वतंत्र आजार नाही. पण लग्नाच्या पंगतीला जाणंच बंद झालं, एका जिलबीपायी रात्रभर अपराधी वाटू लागलं, तर नवा डाएट शोधू नका. मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या.