वीजगृहांचा कोळसा व शेतातील काडीकचरा

पुणे शहरात दगडी कोळशावर चालणारे वीजगृह नाही. तथापि शहराला लागणारी वीज राज्याच्या ज्या जाळ्यातून येते, त्यात कोराडी, चंद्रपूर, भुसावळ, परळी इत्यादी ठिकाणच्या औष्णिक केंद्रांचा वाटा फार मोठा आहे. शहराला उजेड मिळतो. राख व धूर मात्र त्या त्या केंद्राभोवतालच्या शिवारांच्या वाट्यास येतात. ही केंद्रे सध्या दुहेरी अडचणीत आहेत. दिवसा सौर वीज स्वस्त मिळू लागल्याने त्यांना दुपारी भार उतरवून सायंकाळी पुन्हा वाढवावा लागतो, आणि प्रदूषणाचे नियमही पाळावयाचे असतात. पाण्याचा प्रश्न निराळाच. २०१५ साली पाण्याअभावी परळीचे केंद्र बंद ठेवावे लागले होते.

भारतीय कोळशात साधारणतः ३० ते ४५ टक्के राख असते. धुरातील धूलिकण, गंधक व नत्राची संयुगे यांवर केंद्र शासनाने डिसेंबर २०१५ मध्ये मर्यादा घातल्या. त्यांपैकी गंधक शोषून घेणाऱ्या यंत्रणेचा खर्च मोठा असल्याने मुदती वारंवार वाढल्या, आणि जुलै २०२५ च्या अधिसूचनेने मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या बहुसंख्य संचांना या यंत्रणेच्या सक्तीतून वगळण्यात आले. अशा स्थितीत कमी खर्चात होण्यासारखा एक उपाय शेतकऱ्याच्या दारातून जातो. तो म्हणजे कोळशात शेतातील काडीकचऱ्याच्या कांड्या मिसळून जाळणे. राष्ट्रीय औष्णिक वीज महामंडळाने २०१७ मध्ये दादरी येथे हा प्रयोग केला. ऑक्टोबर २०२१ च्या धोरणाने अशा मिश्रणाचे बंधन घातले आणि २०२३ च्या दुरुस्तीने २०२४-२५ पासून ५ टक्के हे प्रमाण ठरविले.

काडी जशीच्या तशी भट्टीत टाकता येत नाही. कोळसा दळणाऱ्या चक्क्यांत तिचे तंतू अडकतात. म्हणून प्रथम भुसा करून, तो वाळवून, दाबाखाली कांड्या पाडाव्या लागतात. याच मालाला हवेविना २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत भाजले, तर तो ठिसूळ होतो, पाणी धरीत नाही व कोळशाबरोबर सहज दळला जातो. काडीतील कर्ब पिकाने त्याच हंगामात हवेतून घेतलेला असल्याने, वाहतूक व भरडणी यांचा खर्च वजा जाता, त्या प्रमाणात धुराचा भार हलका होतो. गंधक व राखही कोळशाहून कमी असते. मात्र पालाश अधिक असलेल्या काडीची राख लवकर वितळून बाष्पकाच्या नळ्यांना चिकटते. त्यामुळे मिश्रण मर्यादितच ठेवावे लागते.

५०० मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने चालल्यास दिवसाला अंदाजे ७,८०० टन कोळसा जाळतो. त्याचे ५ टक्के म्हणजे सुमारे ३९० टन. हेक्टरी अडीच टन पऱ्हाटी धरली, तर दीडशेहून अधिक हेक्टरांवरील पऱ्हाटी एका दिवसात संपेल! गोळा करणे व वाहून नेणे हीच खरी कसोटी आहे.

कोणती काडी द्यावी, हे शेतकऱ्याने विचारपूर्वक ठरवावे. विदर्भ, मराठवाडा व खानदेशातील पऱ्हाटी देण्यास हरकत नाही. उलट ती फरदडीसाठी शेतात उभी ठेवल्यास अथवा बांधावर रचून ठेवल्यास गुलाबी बोंडअळी तीत आश्रय घेते. वेळीच उपटून तिचा भुसा केल्यास पुढील हंगामाचे रक्षण होते. तुरीच्या तुऱ्हाट्यांनाही मागणी असते. पण घरच्या चुलीची गरज प्रथम भागवावी.

पुणे जिल्ह्यातील ऊस बागायतदारांची गोष्ट वेगळी आहे. बारामती, इंदापूर, दौंड, शिरूर या भागांत तोडणीनंतर पाचट पेटविण्याची चाल अजून पुरती गेलेली नाही. पाचट पेटविण्यापेक्षा विकणे बरे, हे खरे. परंतु विकण्यापेक्षा ते शेतात ठेवणे अधिक बरे. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते, आणि त्यात ४० ते ५० किलो नत्र, २० ते ३० किलो स्फुरद व ७५ ते १०० किलो पालाश असतो. खोडव्यात सरी-आड-सरी किंवा सर्व सऱ्यांत ते पसरून, दर टनास ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट व १ किलो कुजविणारे जिवाणू द्यावेत आणि मग पाणी सोडावे. साखर कारखान्यांच्या सहवीज प्रकल्पांची गरज उसाचे चिपाड भागविते. त्यासाठी रानातील पाचट काढून नेण्याचे कारण नाही.

पऱ्हाटी विकावयाची असल्यास ती मातीविरहित असावी. मुळांना चिकटलेली माती झटकून टाकावी, कारण मातीने राख वाढते व माल नाकारला जातो. कांड्यांतील ओलावा १४ टक्क्यांवर गेलेला चालत नाही, म्हणून काडी उन्हात पुरती वाळवून, अवकाळी पाऊस लागणार नाही अशा बेताने झाकावी. एकट्या शेतकऱ्याला भाडे परवडत नाही. गावातील उत्पादक कंपनी वा सहकारी संस्थेमार्फत एका जागी भरडणी करून भुसाच वाहून न्यावा, आणि वजन व दर पऱ्हाटी उपटण्यापूर्वीच लेखी ठरवून घ्यावेत.