दोन हजारांचा हप्ता नेमका कोणाला?

ई-सेवा केंद्रातल्या यंत्रावर आजींनी चार वेळा अंगठा टेकवला. चारही वेळा नकार. जन्मभर खुरपणी करून बोटांच्या रेषाच पुसट झालेल्या. ‘‘माझं नाव कटलं का रे बाबा?’’ त्यांनी मुलाला विचारलं. नाव कटलं नव्हतं. अंगठा उमटत नसेल तर पीएम किसानची ई-केवायसी मोबाइलवरच्या ओटीपीने होते, अ‍ॅपवर चेहरा दाखवूनही होते. पण हे आजींना तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

असे कितीतरी समज गावात पक्के बसलेत आणि त्यांपायी हक्काचे पैसे अडून राहतात. ‘एका सातबाऱ्यावर एकालाच मिळतं’ हा त्यातला सगळ्यात चिवट. हिशेब कुटुंबाचा आहे. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं. सामाईक सातबाऱ्यावर तीन भावांची नावं असतील, तर तिघांची कुटुंबं वेगळी धरतात. उलट नवरा-बायकोच्या नावावर वेगवेगळे गट असले, तरी लाभ दोघांत एकालाच.

‘ही योजना अल्पभूधारकांची’ हे सुरुवातीला खरं होतं. दोन हेक्टरांची ती अट जून २०१९ मध्ये उठली. आता बाद होतात ते मागच्या वर्षी आयकर भरलेले, महिना दहा हजार किंवा जास्त पेन्शन घेणारे, चतुर्थ श्रेणी सोडून बाकीचे सरकारी नोकर, व्यवसाय करणारे डॉक्टर, वकील. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नसतो, त्यामुळे निव्वळ शेती करणारा मोठा बागायतदारही यात बसतो. आणि त्याची जमीन वाट्याने कसणारा? तो यात कुठेच नाही. पैसे सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतात, घाम कुणाचा हे कुणी विचारत नाही. मला हे फार खटकतं.

रक्कम म्हणाल, तर केंद्राचे वर्षाला ६,००० रुपये, चार-चार महिन्यांनी दोन हजार. राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे ६,००० वेगळे. त्यांचा पहिला हप्ता ऑक्टोबर २०२३ मध्ये पडला. पीकविमा आणि अतिवृष्टीची मदत यांचा या दोन्हींशी संबंध नाही. दोन हजारांत २६६ रुपये ५० पैशांच्या युरियाच्या सात गोण्या येतात, एवढाच त्याचा जीव.

‘हप्ता आलाच नाही’ म्हणणाऱ्यांनी आधी आपली सगळी पासबुकं काढावीत. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात आणि ते पूर्वी कधीतरी उघडून विसरलेलं खातंही असू शकतं. कोणतं खातं जोडलंय, हे बँकेत विचारलं की कळतं.

सगळ्यात जपायचं ते घरातला खातेदार गेल्यावर. हप्ता आपोआप बायकोच्या नावावर होत नाही. ज्यांच्या नावावर जमीन १ फेब्रुवारी २०१९ नंतर आली ते अपात्र ठरतात, पण वारसाने आलेल्या जमिनीला यातून सूट आहे. म्हणून आधी तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्यायचा, फेरफार मंजूर झाला की नव्याने नोंदणी करायची. तोवर गेलेल्या माणसाच्या खात्यात पडलेले हप्ते काढू नयेत. पुढे त्याची वसुली निघते.