चार कार्ब्युरेटर आणि नायट्रसची बाटली

कावासाकीची झेड-वन १९७२ साली बाजारात आली तेव्हा तिचं ९०३ सीसीचं, चार सिलिंडरांचं इंजिन ८२ अश्वशक्ती देत होतं. त्या काळच्या रस्त्यावरच्या मोटरसायकलींत ही ताकद अफाटच. आजही ड्रॅग रेसिंगच्या सरळ पट्ट्यांवर ही इंजिनं धावतात आणि तिथे एक प्रश्न हटकून निघतो: हिला नायट्रस बसवायचा का? बसवता येतो. पण अशा जुन्या इंजिनावर खरी कसोटी लागते ती वाटपाची.

सिनेमांमुळे नायट्रस म्हणजे एखादं स्फोटक इंधन, असा समज पसरला आहे. नायट्रस ऑक्साइड स्वतः जळत नाही. दाताच्या दवाखान्यात रुग्णाला शांत करायला देतात तोच हा वायू. त्याच्या वजनात सुमारे ३६ टक्के ऑक्सिजन असतो, तर हवेत जेमतेम २३ टक्के. तीनशे अंश सेल्सियसच्या आसपास त्याचा रेणू फुटतो, ऑक्सिजन मोकळा होतो आणि त्याच सिलिंडरात जास्त पेट्रोल जाळता येतं. शिवाय द्रव नायट्रस उणे ८८ अंशांना उकळतो, त्यामुळे आत जाणारी हवा गार आणि दाट होते. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलाने विरळ हवेत उडणाऱ्या विमानांसाठी ‘जीएम-१’ या नावाने हीच युक्ती वापरली होती.

आता कार्ब्युरेटरकडे या. झेड-वनला मिकुनीचे २८ मिलिमीटरचे चार कार्ब्युरेटर आहेत, प्रत्येक सिलिंडरला एक. कार्ब्युरेटर आपल्या घशातून जाणाऱ्या हवेच्या ओढीवर पेट्रोल सोडतो. त्याच्या पुढे, इनटेकच्या नळीत नायट्रस सोडला तर त्याला त्याचा पत्ताच लागत नाही. ऑक्सिजन वाढतो, पेट्रोल तेवढंच राहतं, मिश्रण कोरडं पडतं आणि पिस्टनच्या माथ्याला भोक पडतं. म्हणून नायट्रससोबत जादा पेट्रोलही फवारावं लागतं: नायट्रसच्या साधारण साडेनऊ भागांना पेट्रोलचा एक भाग, वजनाने. खबरदारी म्हणून पेट्रोल त्याहून थोडं जास्तच ठेवतात. पण या गाड्यांत पेट्रोल टाकीतून नुसतं खाली उतरतं, पंप नसतोच. त्या तुटपुंज्या दाबावर भरवसा ठेवणं म्हणजे इंजिनाशी जुगार. इलेक्ट्रिक पंप हवाच.

चार सिलिंडरांना चार नोझल, मधे एक वाटप-ठोकळा आणि चारही नळ्या एकाच लांबीच्या. जाणकार मेकॅनिक इथे घाई करत नाही. नोझल काढून तो चार मापाच्या बाटल्यांवर धरतो, पंप ठरावीक सेकंद चालवतो आणि पातळ्या शेजारी शेजारी ठेवून पाहतो. एका बाटलीत पेट्रोल कमी दिसलं की त्या नोझलचा जेट काढून साफ करायचा किंवा बदलायचा आणि पुन्हा मोजायचं. हा कंटाळवाणा तास या साऱ्या कामाचा प्राण आहे, असं माझं मत. नाहीतर तीन पिस्टन धडधाकट राहतात आणि चौथा वितळतो. त्यातही हवेने गार होणाऱ्या या इंजिनात मधले दोन सिलिंडर मुळातच जास्त तापतात. आधी त्यांचेच प्लग काढून बघावेत. पोर्सेलिनवर ॲल्युमिनियमचे बारीक चमकते कण दिसले तर तिथेच थांबायचं.

बाकीची यादी ठरलेली: इग्निशन काही अंश मागे, एक पायरी थंड प्लग, कडक क्लच स्प्रिंगा आणि ॲक्सिलरेटर पूर्ण पिळल्याशिवाय वायू सुटू न देणारा स्विच. क्रँकशाफ्ट मात्र नजरेआड करू नये. झेड-वनचा क्रँक तुकडे दाबून जोडलेला आहे. जोराच्या झटक्याने ते जोड सरकतात, म्हणून रेसिंगवाले ते वेल्ड करून घेतात.

बाटलीचंही एक शास्त्र आहे. घरच्या गॅस सिलिंडरसारखंच, आत द्रव असेपर्यंत दाब जवळपास तोच राहतो. किती शिल्लक आहे ते वजनावरूनच कळतं. काम चालतं ९०० ते १००० पीएसआयच्या आसपास. मात्र ३६.४ अंशांच्या वर नायट्रस द्रवरूपात राहूच शकत नाही आणि तापमानाबरोबर दाब झपाट्याने चढतो. विदर्भातल्या मे महिन्याच्या उन्हात ठेवलेल्या बाटलीवर सावलीत लावलेलं सेटिंग चालणार नाही.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत असे बदल करू देत नाही, तेव्हा नायट्रसची जागा बंद ट्रॅकवरच. आणि तुमच्याकडची झेड-वन मूळ इंजिन क्रमांकाची, कधी न उघडलेली असेल, तर तिला एकही भोक पाडू नका. हौस भागवायला दुसरं, सुटं इंजिन शोधा आणि आधी त्याचा क्रँक वेल्ड करून घ्या.